तक्रार: सारखा बसतो

राठौर वहिनी काउंटरवर वाकून सांगत होत्या,
जिन्यात बसतो, दुधाच्या दुकानासमोर बसतो,
काल तर ऐन छावनी चौकात बसला,
मागे टेम्पो, हॉर्न, आणि हा आपला बसलेला.
"कमर गई लगता है इसकी."

मी वजन केलं. एकोणीस किलो आठशे.
वय अकरा-बारा. नाव भुत्या.
मालकाच्या रकान्यात मुळ्ये खोडलेलं,
वर निळ्या शाईत राठौर.
बाई दिवाळीआधी गेल्या. मुलगा कॅनडात.
वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी ठेवून घेतला.

माझं काम धरण्याचं.
सुई डॉक्टर छाबडांची, निदान त्यांचं,
माझी फक्त कोपराची घडी आणि मानेखालचा हात.
पुढच्या पायावर मशीन फिरवून
रुपयाएवढी जागा भादरली,
अंगठ्याखाली शीर वर आली,
दोन नळ्या भरल्या, लेबलं लावली.
मग शिशाचा एप्रन घालून
एक्स-रेच्या टेबलावर त्याला आडवा धरला
आणि कानात बोलले, जे सगळ्यांच्याच कानात बोलते:
झालं रे राजा, झालंच, कोण शहाणं माझं.
इंदुरात हे मराठी हल्ली घरी कोणाशी होत नाही.
नवरा माळवीत ओरडतो, मुलगी हिंदीत रुसते.
सासूबाई गेल्यावर उरले ते
हे टेबलावरचे.

फिल्म उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले, हाडं ठीक आहेत.
रक्तही ठीक.
वहिनींनी पाठीवरून हात फिरवला,
"बस बेटा, बस. हो गया, बस."
भुत्या बसला.

मी पाहिलं. पुन्हा बघावं म्हणून थांबले.
"बस, बस, रोते नहीं."
तो आधीच बसलेला. आता त्याला कळेना
आणखी कसं बसायचं.
पोट फरशीला टेकवलं, कान पाडले,
बरोबर उत्तर दिल्यावरही
पुन्हा तोच प्रश्न विचारला जावा
तसा बघत राहिला.

"उभा राहा," मी म्हणाले. हळूच.
चारही पायांवर. शेपटीसकट.

वहिनींना अर्थ सांगितला. त्या हसल्या,
मग ओढणी तोंडाला लावून हसायच्या थांबल्या.
"तीन महीने से... मैं तो प्यार से बोल रही थी."
तोही प्रेमानंच बसत होता,
हे मी बोलले नाही.
डॉक्टरांनी एक्स-रेचे पैसे सोडले,
रक्ताचे घेतले.

पुरे म्हणा, मी शिकवलं. पु-रे.
"पूरे?" त्यांनी विचारलं. "क्या पूरे?"
दारात स्कूटर आडवी आली, दोरी ताणली,
त्यांच्या तोंडून निघालंच.
तो उंबऱ्यात बसला.

साडेनऊला टेबल फिनाइलनं पुसलं,
केस झाडून गोळा केले, काळे, पिवळट,
त्यात भुत्याचा एक पांढरा झुबका.
पिंजऱ्यातल्या मांजरीला पाणी ठेवलं, तिनं ओरबाडलं.
बस, म्हटलं स्वतःलाच,
कुठल्या भाषेतलं ते ठरवलं नाही,
आणि स्टुलावर बसले.