चार बोटं

ओझरला डिसेंबरात सूर्य
द्राक्षांच्या मांडवावरून सरळ विमानाच्या काचेत शिरतो.
साडेसात ते आठ, तेवढ्या अर्ध्या तासात
पिवळी रेघसुद्धा पांढरी दिसते.

वर त्या दोघांच्या मध्ये
वणीपासून त्र्यंबकपर्यंत जागा होती.
तीन महिने एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नाहीत.
आणि खाली, चाकांवर,
पेपरवाल्याच्या सायकलीहूनही हळू,
रेवती खैरनारचं विमान
कैवल्य निमसेच्या शेपटीत घुसलं.

कैवल्य म्हणतो, मागं कुणीतरी
मक्याचं कणीस सोलतंय असं वाटलं.
रेवती काहीच म्हणत नाही.
रेडिओचा आकडा फिरवायला खाली वाकली होती.
लिहून दिलंय तिनं, खाली मराठीत सही:
ब्रेक दाबल्याचं मला आठवत नाही.

मी पत्र्याचा माणूस.
चौकशीचे साहेब म्हणाले, तांबट, वेग काढा.
वेग पत्र्यातच असतो.
पंखा फिरत फिरत पुढं येतो,
दोन पाती, दर फेऱ्याला दोन काप,
दोन कापांमधलं अंतर म्हणजे चाल.
पहिल्या दोहोंवर पट्टी ठेवली. चार बोटं, म्हणजे सात सेंटिमीटर.
इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांवर.
गुणाकार करून सांगितलं, ताशी आठ किलोमीटर,
दूध नासायच्या आत घर गाठणाऱ्या माणसाचं चालणं.
फॉर्मवर रकाना एकच होता. भरला.

फाटका पत्रा भंगारात जायचा.
मी तो पिशवीत घालून घरी आणला,
का, ते सांगता येत नाही.
तांबट आळीत आता ठोक्यांपेक्षा मोटरसायकलीच जास्त वाजतात,
अण्णांना दोन्ही ऐकू येत नाहीत.
पन्नास वर्षं हंडे घडवले, कान त्यातच गेले.
ॲल्युमिनियम म्हणून त्यांनी आधी नाक मुरडलं.
चष्मा लावलाच नाही.
अंगठा कापांवरून नेला,
परत आणला,
परत नेला.
'शिकाऊ आहे का कुणी?'
एवढ्या मोठ्यानं, की समोरच्या दुकानातल्यानं वर पाहिलं.
मी मान हलवली.
'शेवटी हात आवरलाय पोरानं.'

पोरगी आहे, म्हटलं मी. त्यांना कुठलं ऐकू यायला.

रात्री पट्टी काढली.
चार बोटं. चार. चार.
मग साडेतीन.
मग अडीच.
मग एक, जेमतेम,
आणि त्याच्या पुढं कोरा पत्रा,
रंगावर ओरखडासुद्धा नाही.

अहवाल तोवर दिल्लीला गेला होता.

सकाळी रेवती हँगरच्या दारात विमान धूत होती.
तीन आठवडे उडायचं नाही, एवढंच काम दिलंय तिला.
पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली,
आणि पंख पुसतानाही दर दोन पावलांना
मागं वळून पाहायची नवी सवय.
बादली पालथी घालून मी तिच्यावर पत्रा ठेवला.
हात कोरडे कर म्हटलं, कडा धारदार आहेत.
हं. आता बोट ठेव.
इथून.