दुसरी आवृत्ती

येरवड्याच्या महापालिका शाळेत
सहावी ‘ब’नं माझं स्वागत केलं
एका गुलाबानं आणि एका खुर्चीनं.
खुर्चीचा एक पाय बुटका,
खाली घडी घालून सरकवलेली
मागच्या सहामाहीची प्रश्नपत्रिका.

मी वाचून दाखवलं शेवटचं प्रकरण.
केदूच्या बाबांचा कारखाना बंद पडलेला,
कोथरूडचा फ्लॅट गेलेला,
आणि पर्वतीच्या उतारावर, पत्र्याच्या खोलीशेजारी
केदूला भेटलेला हणम्या,
जो शिकवतो त्याला रांगेत नंबर कसा धरायचा,
भरला हंडा खांद्यावर घेताना मान कुठे ठेवायची,
आणि उधारी मागताना
दुकानदाराच्या तोंडाकडे नाही,
तराजूकडे बघत राहायचं.

पहिल्या प्रकरणात ताटातली भेंडी निवडून टाकणारा केदू
बाराव्यात अर्धी भाकरी मोडून पुढे करतो.
परीक्षणात सगळ्यांनी त्या भाकरीचं कौतुक केलं होतं.
मलाही ती आवडायची.
खोटं कशाला बोलू?

टाळ्या झाल्या. वर्गशिक्षिका म्हणाल्या, कुणाला शंका?
तिसऱ्या बाकावरून मुस्कान तांबोळी उठली,
एका वेणीला रिबन, दुसरीला नुसतंच रबर.
“केदू बदलला, ते कळलं.
पण हणम्याचं काय?”

हणम्या चांगलाच आहे की, मी म्हटलं,
पहिल्यापासून.

“तेच ना. तो तर पहिल्यापासूनच त्रासात होता.
मग त्याला का नाही त्रासानं काही शिकवलं?
का त्रास फक्त
नवीन आलेल्यालाच शिकवतो?”

बस खाली, शिक्षिका म्हणाल्या.
ती बसली. बसता बसता,
मला नाही, बाकाला सांगितल्यासारखं म्हणाली,
“एकदा तरी त्याला राग येऊ द्यायचा होता.”

परतीच्या बसमध्ये गुलाब मांडीवर.
पुलाखाली नदी दिसत नव्हती,
नुसती जलपर्णी, हिरवीगार,
लांबून कुणाला मैदानच वाटावं अशी.

मंदा घोडके.
अण्णा गेले त्या वर्षी
रोज स्वतःच्या डब्यातली एक पोळी
माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवायची, न बोलता.
मुलाखतीत मी नेहमी सांगते,
मंदानं मला सावरलं.
लोक माना डोलावतात.
आठवीत तिची शाळा सुटली.
माझी गोष्ट तिथून पुढे सुरू होते,
आणि तिची कुठे गेली
हे मला एकाही मुलाखतीत
कुणी विचारलं नाही,
मीसुद्धा.

तिला भूक लागत असेल ना,
त्या एका पोळीची?

प्रकाशकांचा निरोप आलाय,
फक्त मुद्रणदोष काढा, मॅडम,
मजकूर वाढवू नका, फॉर्म वाढतो.
ऱ्हस्वदीर्घ तपासत मी पान चौऱ्याऐंशीवर येते.
‘हणम्या हसला आणि त्यानं केदूचा हंडाही उचलला.’
या वाक्यात एकही चूक नाही.
वेलांटी, अनुस्वार, पूर्णविराम,
सगळं जागच्या जागी.

मी ते खोडते.

समासात, उभं, बारीक अक्षरात लिहिते:
हणम्यानं हंडा पायरीवर ठेवला.
आदळला नाही. नुसता ठेवला.
“आज तू आण,” म्हणाला. “दोन्ही.”

पुढे पेन चालत नाही.
केदू तसाच उभा आहे, हात लोंबते.
हणम्या पाय लांब करून पायरीवर बसलाय
आणि त्याच्या मनात काय आहे
मला माहीत नाही,
एकशे साठ पानांत पहिल्यांदाच
माहीत नाही.

खाली रांग लागायला लागलीय.
नळाला अजून अर्धा तास आहे.