हरकत क्रमांक अकरा

खोली क्रमांक नऊ, तिसरा मजला.
कूलरमधलं पाणी साडेअकरालाच संपलं,
आता नुसता पंखा फिरतोय
वाळल्या खसाचा वास फेकत.
मी नावं पुकारतो.
एकोणीस वर्षं झाली, या खात्यात मी नावं पुकारतो
आणि लोक जे बोलतात त्याचं मराठी करतो,
म्हणजे ते मराठीतच बोलतात, त्याचं.

विषय : दिघोरीच्या पुढे, उमरेड रोडला लागून,
खसरा बहात्तर बटे तीन, पेट्रोल पंप.
भिंतीवर नकाशा. पिवळं म्हणजे राहणं,
निळं म्हणजे धंदा,
हिरवं म्हणजे अजून कोणी विचारलं नाही.
साहेबांनी पेन्सिलीचं टोक पिवळ्यात ठेवलंय.

क्रमांक चार, रेवाराम टेंभुर्णे :
“शाळेचे पोट्टे तिथूनच रस्ता ओलांडतेत जी,
टँकर वळला का मागचं काई दिसत नाई त्याले.”
मी लिहितो : रहदारीबाबत आक्षेप.

क्रमांक सात गैरहजर.
क्रमांक आठ हजर, पण पंपाच्या बाजूने;
त्याला तिथं हवा भरायचं दुकान टाकायचंय.
साहेब म्हणाले, मग हरकत कशाला घेतली?
तो म्हणाला, “फारम एकच होता ना जी.”

क्रमांक अकरा, बेबीताई सोमकुवर.
कागद आणला नाही.
पिशवीतून बाटली काढली, टेबलावर ठेवली,
लेबल निघालेली, आत पाणी.
“हे आमच्या हिरीचं. तुमची टाकी तिथून चाळीस पावलं.
म्या मोजली. मायी पावलं लहान हायेत,
तुमची तीसच भरतीन.”

आता पाण्याला टाचणी कशी मारायची?
मी लिहिलं : सोबत – विहिरीचे पाणी, एक बाटली.
साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, काही बोलले नाहीत.

मग अर्जदार. हेमराज गिऱ्हेपुंजे, माजी सुभेदार.
उजव्या पायात सळई, इस्त्रीचा शर्ट,
पेन्शनचा सगळा पैसा या एका फाइलीत.
उभं राहू नका म्हटलं तरी उभा राहिला.
“साहेब, टाकी दुहेरी भिंतीची आहे,
गळती झालीच तर घंटा वाजते, प्रदूषण –”
आणि घसा बसला.
सत्तेचाळीस अंश. खोकला थांबेना.
शिपाई माठाकडे गेला, माठ पालथा.

बेबीताईंनीच बाटली सरकवली.
“घ्या. प्या पयले, मंग बोला.”

तो प्याला.
मान मागे टाकून, ओठ न लावता, वरून,
आपल्याकडे पितात तसं.
खोलीत कोणीच बोललं नाही, फक्त तो घटघट आवाज.
मग झाकण लावलं, नीट आवळलं,
बाटली होती त्याच जागी ठेवली
आणि बसला.
‘प्रदूषण’च्या पुढचं वाक्य त्यानं बोललंच नाही.
साहेबांनी दोनदा विचारलं, अजून काही?
त्यानं सळईच्या पायाकडे बघत मान हलवली.

या मान हलवण्याचं मराठी मला येत नाही.
कार्यवृत्तात लिहिलं :
अर्जदारांनी आपले म्हणणे मांडले.
सुनावणी चौदा जूनपर्यंत तहकूब.
वरची ओळ खोडून दुरुस्त केली :
सोबत – विहिरीचे पाणी, अर्धी बाटली.

घरी जाताना सक्करदऱ्याच्या अलीकडेच गाडी बंद पडली.
आडवी केली, हलवली, पुन्हा किक मारली.
मग ढकलत निघालो, डांबर चपलेला चिकटतंय,
आणि खोटं कशाला बोलू,
त्या क्षणी मला एक पंप हवा होता,
कुठंही, कोणाच्याही विहिरीपाशी.

सोमवारी कपाट उघडलं तर बाटलीत बोटभर उरलेलं.
शिपाई म्हणाला, मी नाही.
मी म्हटलं, मी कुठं विचारलं?
‘अर्धी’ हा शब्द तसाच ठेवलाय.
चौदा जूनला कोणी मोजलंच तर बघू.