जवळच्या शाखेत भेटा

रुवीच्या शाखेत खुर्च्या कमी केल्यात.
टोकनचं यंत्र कापडाखाली,
रात्री पोपटाचा पिंजरा झाकतात तसं.

माझं काम आता एवढंच :
माझ्याकडे येऊ नका, हे माणसांना शिकवणं.

हबीबुल मिया फोन पुढे धरतो.
“डोळे मिचकाव.” ॲप म्हणतं, पुन्हा.
पापण्यांवर सिमेंट.
अंगठा लावावा तर रेषाच नाहीत,
अकरा वर्षांत विटांनी पुसून नेल्या.

शेवटी हिरवी खूण.
साठ रियाल चितगावला पोचले.
तो हसतो, तरी विचारतोच,
“दीदी, कागद?”

कागद बंद झालाय.
जुन्या चलनाच्या पाठीवर आकडा लिहून देते,
शिक्का मारते.
शिक्क्यातली तारीख मार्चलाच अडकलीय.

गुरुवारी खलफान साहेबांनी चहा मागवला,
साखर किती ते विचारलं नाही.
तेव्हाच कळलं.

संध्याकाळी फोन थरथरला :
प्रिय ग्राहक, सेवासमाप्तीची रक्कम जमा.
लगेच दुसरा :
कर्जापोटी रोखून धरली आहे.
तपशिलासाठी जवळच्या शाखेत भेटा.

रविवारी गेले. काउंटर चारवर कुणीच नाही.
स्क्रीनसमोर उभी राहिले, डोळे मिचकावले,
कागद मागायला तोंड उघडलं,
तर स्क्रीनवर अक्षरं :
कृपया हलू नका.