तुझं डावं की माझं

वास्कोत मे महिन्यात खिडकी उघडावी
तर बंदरावरचा कोळसा आत येतो,
ओट्यावर, उशीवर, ताकावर काळी साय.
न उघडावी तर आपणच शिजतो.
मी बंद ठेवते.
मग जे काही येतं ते नहाणीघराच्या जाळीतून येतं.

बारकी चालतात. त्यांच्याशी माझं भांडण केव्हाच मिटलंय.
हे मोठं. खारकेएवढं, खारकेच्याच रंगाचं,
नुकतं तेल लावून पुसल्यासारखं.
आधी मिशा येतात,
हवा तपासतात,
घर पसंत पडलं तर उरलेलं अंग.

बोरिक पावडर, साखर, कांद्याचा रस, कणकेच्या गोळ्या:
एस्पेरांसाबाईंची कृती.
तीन दिवस गोळ्या तशाच पडून. चौथ्या दिवशी मुंग्यांनी नेल्या.
मग बाजारातून खडू आणला.
उंबरा, ओटा, गॅसची नळी, पलंगाचे चारही पाय.
लक्ष्मणाने एकच रेघ मारली होती, मी अकरा मारल्या.
रावणाकडे विमान होतं
हे खडूवाल्याच्या लक्षातच आलं नाही.

काल पावणेबाराला ते भिंतीवर होतं,
कॅलेंडरच्या एकवीस तारखेवर.
त्या दिवशी तू उतरणार होतास.
मग कंपनीने करार वाढवला
आणि पेनाने काढलेलं गोल तसंच राहिलं.
त्या गोलात ते बरोब्बर मावलं होतं.

नेमका तेव्हाच तुझा फोन.
तुझ्याकडे सव्वाआठ, मागे गॅलीतली भांडी वाजतायत.
मी तुला साखरेच्या उघड्या डब्याला टेकवलं
आणि स्टुलावर चढले.
चप्पल घे, म्हणालास.
घेतली.
हळू. डावीकडून जा.
तुझं डावं की माझं?
माझं. म्हणजे तुझं उजवं. थांब,
मी तुला उलटा दिसतो का गं?

तेवढ्यात त्याने पंख उघडले.

दिवसा मला सगळं कळतं:
की ते उडत नाही, पडतं,
पडणं जरा लांबवतं, एवढंच.
की त्याला नीट वळता येत नाही,
आपण मध्ये असतो हा आपला दोष.
रात्री मात्र तो फरफर आवाज
थेट माझ्या मानेचा पत्ता विचारत येतो.

किंचाळले. चप्पल फ्रिजवर गेली.
डबा कलंडला आणि तू साखरेत पालथा.
अगं, सगळं पांढरं झालंय, काही दिसत नाही,
तुझा आवाज डब्यातून येत होता,
मेलं का? लागलं का तुला? बोल ना.

मी बोलले नाही.
ते दाराआडच्या तुझ्या निळ्या शर्टावर बसलं होतं,
कॉलरच्या आतल्या, मळलेल्या बाजूला.
सात महिने मी तो धुतलेला नाही.
मिशा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे,
मग डोकं खाली घालून
ते तिथेच थांबलं.
ही तऱ्हा मला माहीत होती.
मीही अशीच उभी राहते त्या दाराआड,
एस्पेरांसाबाईंकडून आल्यावर, दिवा लावायच्या आधी.

झाडू हातात होता.
मारलं असतं तर कॉलरला डाग पडला असता.

फोन झटकला. तुझ्या भुवईवर साखर.
मेलं, म्हटलं.
शाब्बास, म्हणालास, आमच्याकडे बारीक असतात,
पिठाच्या पोत्यात, पण उडत नाहीत बिचारी.
मग रेंज गेली
आणि तू तोंड उघडं ठेवून थिजलास,
तसाच ठेवला थोडा वेळ.

शेवटी खिडकी उघडली.
कोळसा आला. ते काही गेलं नाही.
पहाटे पाहिलं तर शर्टावर नव्हतं, भिंतीवर नव्हतं,
कुठे होतं ते अजून माहीत नाही.

सकाळी ओटा पुसताना
कुंपणापलीकडून एस्पेरांसाबाई:
राती बोवाळ कसलो गो? घोव आयलो?
नाही हो, म्हटलं.
साखर सांडली.