प्रश्न चौथा

सरांनी छापून दिलेल्या कागदावर अकरा प्रश्न होते.
चौथा : भूकंपाच्या त्या रात्री तुम्हाला काय वाटलं?

आम्ही तिघं. मी, मुस्तकीम बागवान
आणि श्रावणी बोल्ली, जिच्यामुळे
साखर पेठेतल्या त्या बोळात आम्हाला कुणी हटकलं नाही.
व्यंकय्या म्याकल खाटेवर बसलेले.
भिंतीपलीकडे पुतण्याचे चार माग चालू,
आणि स्टुलावरचा पाण्याचा पेला
थरथरत कडेकडे सरकायचा.
ते बोलता बोलता, न बघता,
त्याला मागे ओढायचे.

"आम्हाला कळलाच नाही की.
रात्रपाळी. गणपती बुडवून तसाच आलेलो,
केसात गुलाल.
माग चालू असला की जमीन हलतेच बाबा,
जल्मापासून हलालीय.
मग लाइट गेली.
माग थांबले.
जमीन थांबेना."

मुस्तकीमनं याच्याखाली दोन रेघा मारल्या.

सकाळपासून सिव्हिलला गाड्या लागल्या,
किल्लारीच्या, सास्तूरच्या,
ज्या गावांची नावं त्यांनी तोवर
फक्त एसटीच्या पाटीवर वाचलेली.
दुपारी मालकानं गोडाऊन उघडलं.
"तीनशे चादरी. मोराच्या.
जर्मनीला जायचा माल होता.
कफन पांढरं पाहिजे, मला काय ठाऊक नाही?
पण पांढरं संपलेलं."

मी चौथा प्रश्न पुन्हा वाचला. काय वाटलं?
ते माझ्याकडे बघत राहिले,
हिशेब चुकलेल्या कारकुनाकडे बघावं तसे.
"वीस-वीसचे पंधरा गठ्ठे.
जड वाटले."

दारात त्यांची बायको विड्या वळत होती.
सुपात पानं, तंबाखू, लाल दोरा.
आमच्या कागदावर तिच्यासाठी रकाना नव्हता.
मान वर न करता ती तेलुगूत काहीतरी म्हणाली.
"ते नको आता," म्हातारे मराठीत म्हणाले, आमच्याकडे बघून.
ती तरी म्हणाली. चार वाक्यं असतील, पाच.
बोटं थांबली नाहीत.

श्रावणी, जी तासभर त्यांच्या खोकल्याचंसुद्धा
भाषांतर करत होती, गप्प.
"काय म्हणाल्या गं?"
"काही नाही. विड्या मोजतायत."

चहा झाला. बशीतली बिस्किटं
आम्ही लाजत लाजत संपवली.
सही म्हणून त्यांनी स्वतःच अंगठा पुढे केला.

कन्ना चौकात सायकल स्टँडला लावून
श्रावणीनं मग सांगितलं, आमच्याकडे न बघता,
समोरच्या केळीच्या गाड्याला सांगावं तसं :

तिची मुलगी तेव्हा तीन महिन्यांची.
नवरा घरी आला नाही म्हणून शोधत सिव्हिलला गेली.
एका नर्सनं काही न विचारता
तिच्या मांडीवर एक पोर ठेवलं.
त्याच्या कानांत माती.
पाच दिवस ती जात होती,
एका अंगाला स्वतःची, एका अंगाला तो.
माती काडीला कापूस लावून काढली,
तरी डाव्या कानात थोडी राहिलीच.
सहाव्या दिवशी कुणी मामा आला,
हात जोडले, घेऊन गेला.

"नाव काय त्याचं?" मुस्तकीमनं विचारलं.
वही अजून त्याच्या हातात.

नाव तिला माहीत नाही.
पिणाऱ्याला कुणी नाव विचारतं का, म्हणाली.
आता तो बत्तीसेक वर्षांचा असेल.
सिटी बसमध्ये त्या वयाचा कुणी
पुढच्या सीटवर बसला की
ती त्याचा डावा कान बघते.

हे आम्ही लिहिलं नाही.
का, ते आम्ही एकमेकांत बोललोही नाही.
श्रावणीनं सायकल काढली, मुस्तकीमनं
उगीचच अर्धा डझन केळी घेतली.

शनिवारी कागद परत मिळाले.
चौथ्या प्रश्नापुढे माझ्या अक्षरात :
गठ्ठे जड वाटले.
शेजारी सरांचं लाल पेन :
भावना? सविस्तर लिही.