पानाच्या तळाशी

तार्तूत खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ.
युल्ले दिवसा अकॉर्डियन दुरुस्त करते,
रात्री दुकानाची वेबसाइट.
थीमचा हट्ट, प्रत्येक पानाखाली एकच ओळ:
सर्व हक्क राखीव.
कसले डोंबलाचे हक्क!
भाच्यानं लिहून दिलेला कोड तिनं डकवला,
एक अर्धविराम सुटला,
अख्खं दुकान पांढरं पडलं.
पुन्हा डकवला.

आता पानागणिक एक चौकट.
दरपत्रकाखाली: घासाघीस नको, कॉफी मिळेल.
लाल वाद्याखाली: याच्या भात्यात उंदरानं संसार थाटला होता.

मग भावाचं, तावेतचं अकॉर्डियन.
विकायचं नाही. दुरुस्तही करायचं नाही.
चौकट कोरी सोडली
तर खाली परत तेच, सर्व हक्क राखीव.

तिनं स्पेसबार दाबला,
एकदाच,
आणि जतन करून
पान तळापर्यंत सरकवून पाहिलं.